पंचफुलाबाईचे हात

जानेवारी लागला की माझं डोकं ठिकाणावर राहत नाही. घरात सगळ्यांना ते ठाऊक आहे. "आला तुझा महिना," आमचे हे म्हणतात, वर्तमानपत्र उचलतात आणि गच्चीवर उन्हात जाऊन बसतात. तसं पाहिलं तर यवतमाळात या दिवसांत तक्रार करावी असं काही नसतं. भाजीबाजारात तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागलेले, बोरांच्या टोपल्या घेऊन बाया बसलेल्या, हरभऱ्याचा कोवळा पाला जुड्यांनी विकायला आलेला. शेंगा मीठ टाकून उकडायला ठेवल्या की त्यांचा वास घरभर होतो. लोकांना त्या वासानं भूक लागते. मला बावीस वर्षांपूर्वीची एक दुपार आठवते, आणि मी गॅस बारीक करून अंगणात जाऊन उभी राहते.

यंदा अंगणात येऊनही सुटका झाली नाही. फोन वाजला आणि पलीकडे मितू होती.

मितू म्हणजे आमची मुलगी संघमित्रा. बल्गेरियात प्लोवदिव नावाच्या शहरात डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या घरमालकीणबाई तिला सणासाठी आपल्या खेड्यात घेऊन गेल्या होत्या. "आई, आज इथे सुइणींचा सण आहे," ती म्हणाली. मला वाटलं थट्टा करते आहे. सुइणीचा कुठे सण असतो?

असतो. संत डोमनिका नावाची त्यांची एक संतीण आहे, तिच्या दिवशी. कुठे तो आठ जानेवारीला करतात, आणि जुनं पंचांग धरणाऱ्या गावांत एकवीसला. त्या दिवशी लेकुरवाळ्या बाया नटूनथटून आपल्या सुइणीच्या घरी जातात. बरोबर घरी भाजलेला जाड पाव, शिजवलेली कोंबडी आणि घरचीच दारू. ("मितू, तू घेतलीस?" "आई, मी फक्त वास घेतला.") सुईण अंगणात फळझाडाखाली बसते. एकेक बाई तिच्या हातावर पाणी ओतते, साबण देते, पुसायला कोरा टॉवेल देते. मग तिच्या उजव्या खांद्याला लोकरीचा पुंजका लावते. मुलगा झाला असेल तर पांढरा, मुलगी असेल तर लाल. गळ्यात वाळलेल्या लाल मिरच्यांची माळ. शेवटी म्हातारीला गाडीत बसवून वाजतगाजत नदीवर नेतात, आणि वाटेत कुणी पुरुष सापडला तर त्याची टोपी काढून घेऊन त्याची पुरती फजिती करतात. शहाण्या पुरुषानं त्या दिवशी घराबाहेर पडायचंच नाही. हे ऐकून गच्चीवरून आवाज आला, "बरं आहे, आपल्याकडे नाही ते."

मितूनं फोन फिरवून म्हातारी दाखवली. फार थकलेली होती. आता तिकडेही बाळंतपणं दवाखान्यातच होतात, तिनं शेवटचं मूल कधी हातात घेतलं असेल कुणास ठाऊक. पाणी ओतणाऱ्या कितीतरी बाया स्वतःच आज्या झालेल्या. तरी खांदा सगळा लाल-पांढऱ्या लोकरीनं भरलेला, आणि म्हातारी हात पुढे करून ऐटीत बसलेली. कुणी पाणी ओतायला उशीर केला तर रागावत होती.

"आई, माझ्या वेळी कोण होतं गं?" मितूनं विचारलं. "दवाखान्यात कुणीतरी सिस्टर असतील ना? नाव काय त्यांचं? मी सुट्टीत आले की त्यांचे हात धुणार आहे."

"होत्या एक," मी म्हणाले. "बदलून गेल्या कुठेतरी. नाव नाही आठवत."

नाव पंचफुला. विसरायचं म्हटलं तरी मला ते कधी विसरता आलं नाही.

मी एएनएम आहे, खेड्यातल्या भाषेत नर्सबाई. नोकरीची तीन वर्षं उरलीत. तोंडानं तिखट आहे, हे मला माझ्या सासूबाईंपासून डॉक्टरसाहेबांपर्यंत सगळ्यांनी सांगून झालंय. मूळची मी दारव्ह्याकडची, पण ऐन उमेदीतली नऊ वर्षं राळेगाव तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर गेली. पुढे दोन खोल्या दवाखान्याच्या, मागे दोन खोल्या माझ्या क्वार्टरच्या. समोर पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाचं वावर आणि वावराच्या पलीकडे नाला. पावसाळ्यात नाला भरला की गाव तुटायचं. जानेवारीत मात्र त्या गावासारखं गाव नव्हतं. कापसाची शेवटची वेचणी चाललेली असायची, सकाळी थंडीनं बाया डोक्यावरून पदर घट्ट लपेटून वावरात जायच्या, आणि दहा वाजेपर्यंत सगळं वावर बोलायला लागायचं.

त्या गावात माझ्या कितीतरी आधीपासून पंचफुलाबाई होत्या. त्या दाई. वय तेव्हा पन्नाशीच्या पुढे, उंच, हाडकुळ्या, पायात कधी चप्पल नाही. दिवसभर लोकांच्या वावरात कापूस वेचायच्या, आणि कुणी बोलवायला आलं की ओटीतला कापूस तिथेच रिकामा करून चालू लागायच्या. घर विहाराजवळच्या वस्तीत, म्हणजे आमच्याच लोकांत. त्यांचे हात मोठे होते, बोटं लांब, आणि बोंडांच्या टोकांनी नखांजवळ कायम चिरलेली. ती चिरलेली बोटं मला खुपायची. मी नवीन ट्रेनिंग घेतलेली, मला त्या बोटांत जंतूंशिवाय दुसरं काही दिसायचं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. बाळंतपण दवाखान्यातच व्हावं असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं. घरात रक्त जाऊन पांढऱ्याफटक पडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत, त्यांच्या सासवांशी भांडले आहे. मला जुन्याचे गोडवे गायचे नाहीत.

तर त्या गावात एक रीत होती. मूल झाल्याच्या पाचव्या दिवशी बाळंतीण दारात पाटावर बसायची आणि समोर दाई. बाळंतिणीनं आपल्या हातानं दाईच्या हातावर कोमट पाणी सोडायचं, हळद-तेल चोळायचं, पुन्हा पाणी सोडायचं आणि स्वतःच्या पदरानं ते हात पुसून द्यायचे. शेजारणी बघायला जमायच्या. याला म्हणायचे हात मोकळे करणं. लुगडं, खण, धान्य ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, पण पाणी मात्र बाळंतिणीच्याच हातचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी नाक मुरडलं होतं. छप्पनच्या दीक्षेनंतर आमच्या आजोबांनी घरातले देव नदीत सोडले. पाचवी, सटवाई असलं काही आमच्या घरात नावालाही नव्हतं. मी पंचफुलाबाईंना एकदा विचारलं, "तुम्ही तर आपल्यातल्या ना? मग हे काय?"

"देव सोडले आमी, नर्सबाई," त्या म्हणाल्या. "हात कुठं सोडले?"

मला ते उद्धट वाटलं. कुणी बरोबर उत्तर दिलं की मला ते उद्धट वाटतं, हा माझा जुना दोष आहे.

त्या वर्षी वरून ताकीद होती, घरी एकही बाळंतपण नको. मी दारोदार फिरून घसा बसवून घेतला. बाया मान हलवायच्या आणि वेळ आली की पंचफुलाबाईंना हाक मारायच्या. डिसेंबरात ग्रामसभा झाली, तेव्हा आठ महिन्यांचं पोट घेऊन मी उभी राहिले. पंचफुलाबाई पुढेच बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला, वर केला आणि साऱ्या गावाला दाखवला. "पाहा हे हात. या चिरलेल्या बोटांत काय काय असेल? अशा हातांत तुम्ही आपली लेक देता? या हातांत मरण आहे." पंचफुलाबाईंनी हात सोडवून घेतला नाही. मी सोडला तेव्हा त्यांनी तो पदराखाली घेतला. मला त्या वेळी वाटलं, काय झकास बोललो आपण. घरी येऊन ह्यांना कौतुकानं सांगितलंसुद्धा.

महिनाभरात त्याच हातांत माझी मितू आली.

पोलिओचा रविवार होता. तालुक्यातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या गाड्या त्या कामाला लागलेल्या. हे दुसऱ्या गावी, त्यांच्या शाळेतल्या बूथवर. मला पुढच्या आठवड्यात माहेरी जायचं होतं, बॅग भरून ठेवलेली. ऊन चांगलं वर आलं होतं, स्टोव्हवर तुरीच्या शेंगा उकडत होत्या, आणि मी ओट्याजवळच खाली बसले. पाणमोट फुटली होती. दुसऱ्यांच्या कितीतरी बाळंतपणांत मी उभी राहिले होते, मला सगळं पाठ होतं, आणि त्या क्षणी मला काही म्हणजे काही आठवेना. हात लावून पाहिलं तर डोकं नव्हतं. पाय होता.

आधी पाय आला की बाळंतपण अवघड होतं. अशी बाई मी स्वतः हातात घेतली नसती, पहिली गाडी करून पुढे पाठवली असती. गाडी नव्हती. शेजारच्या बाईनं मला न विचारता वावरातून पंचफुलाबाईंना बोलावून आणलं. त्या आल्या, दाईंच्या प्रशिक्षणात मीच वाटलेला साबण मागून घेतला, कोपरापर्यंत हात धुतले आणि माझ्यासमोर धरले. "पाह्यले? बस. आता बोलू नको." तोवर त्या मला अहो-जाहो करायच्या.

"मी मरते माय," मी म्हणाले.

"कायले मरतं? मी आहो ना इथं. ढकलू नको. मी म्हनीन तवाच."

किती वेळ गेला मला माहीत नाही. शेंगांचं पाणी आटून त्या करपल्या, तो वास घरभर झाला, मग कुणीतरी स्टोव्ह बंद केला. त्या ओढत नव्हत्या. ओढायचं नसतं, पुस्तकात लिहिलेलं आहे ते, आणि मी ते साफ विसरले होते. त्या नुसते हात खाली धरून बसल्या होत्या आणि मूल आपल्या वजनानं येत होतं. डोकं निघायच्या वेळी त्यांनी त्या लांब बोटांनी काय केलं ते मला दिसलं नाही, पण मितू रडली. "पायाळू पोरगी," त्या म्हणाल्या. "नशिबाची आहे." मी त्यांचा हात धरला, ग्रामसभेत धरला होता तोच, आणि तो गालाशी घेऊन रडले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

पाचव्या दिवशी त्या आल्या. धुतलेलं लुगडं नेसलेलं, केस तेल लावून चापून बसवलेले, बरोबर चार-सहा बाया. दारात बसल्या आणि दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे ठेवले. आत माझी आई होती, हे होते, आणि नेमक्या त्याच सकाळी तालुक्याच्या सुपरवायझर मॅडम मला बघायला आल्या होत्या. खुर्चीवर बसून चहा पीत होत्या. शेजारच्या उपकेंद्राच्या सिस्टर माझ्या मदतीला वेळेवर पोहोचल्या, असं त्यांना वाटत होतं. मी तसं सांगितलं नव्हतं, पण तसं नाही असंही सांगितलं नव्हतं.

मी मितूला घेऊन दारात गेले आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पंचफुलाबाई, हे असलं आमच्याकडे चालत नाही. आपण शिकलेली माणसं. हे जुनं सोडा आता." आईनं एक साडी आणून दिली होती, ती पुढे केली. त्यांनी साडीकडे पाहिलं नाही.

"पानी तेवढं टाका, नर्सबाई," त्या हळूच म्हणाल्या. "नाहीतं मले..."

"नाही म्हटलं ना," मी त्यांना तोडलं. आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला होता आणि मला त्या लवकर जायला हव्या होत्या. त्या उठल्या. बाया त्यांच्या मागोमाग गेल्या. साडी उंबऱ्यावर पडून राहिली.

अंधश्रद्धा नको म्हणून मी नाही म्हटलं, असं मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले. साफ खोटं आहे ते. मला लाज वाटली होती. ज्या हातांना मी चारचौघांत मरण म्हटलं, त्याच हातांनी मला आणि माझ्या लेकीला जिवंत ठेवलं, हे मॅडमसमोर दिसायला नको होतं. मग रजिस्टर भरायची वेळ आली. क्वार्टर उपकेंद्राच्या आवारातच, म्हणून ठिकाण लिहिलं उपकेंद्र. प्रसूती कोणी केली, या रकान्यात लिहिलं नर्स. त्या उपकेंद्रावर नर्स मी एकटीच. म्हणजे कागदावर माझं बाळंतपण मीच केलेलं आहे, आणि कुणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

त्यानंतर वर्षभरात गावात एकही बाळंतपण घरी झालं नाही. एकेक सासू आपणहून उपकेंद्राच्या पायरीशी यायला लागली. जिल्ह्याला बोलावून मला शाल आणि प्रशस्तिपत्र दिलं. ते अजून आमच्या बैठकीच्या भिंतीवर आहे. मितू तिकडे वर्गातल्या मुलींना सांगते म्हणे, माझ्या आईनं एक अख्खं गाव सुधारलं. माझी बदली झाली, आम्ही यवतमाळला आलो. पंचफुलाबाई गाव सोडून वणीला लेकीकडे राहायला गेल्या, एवढं मात्र कुणाकडून तरी कानावर आलं होतं.

पायाळू मूल घरात असलं की ते लपत नाही. कुणाची कंबर लचकली की लोक पायाळू माणूस शोधत येतात, त्याचा पाय लावून घेतात. मितू सात-आठ वर्षांची असताना शेजारच्या काकांची पाठ धरली होती. काकू दारोदार विचारत फिरल्या, "कोणी पायाळू आहे का हो?" मितू माझ्यासमोर चित्रं रंगवत बसली होती. मी काकूंना मलम दिलं. एवढ्या तेवढ्यावरून सगळं उकललं असतं, म्हणून लेकीला ती कशी जन्मली तेही कळू दिलं नाही.

आणि पेढे. नोकरीत मी किती पेढे खाल्ले असतील. मूल झालं की नातेवाईक आधी नर्सच्या हातावर पेढा ठेवतात. दर वेळी तो जिभेवर विरघळेपर्यंत मला त्या उंबऱ्यावरच्या बाया दिसायच्या, मग पुढची बाई ओरडायला लागायची आणि मी कामाला लागायची. दिवसातून वीस वेळा हात धुते मी, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, नियमाप्रमाणे. स्वतःचे.

मितूच्या त्या फोननंतर तीन दिवस मी घरात कुणाशी नीट बोलले नाही. चौथ्या दिवशी ह्यांना म्हणाले, "मी वणीला जाऊन येते." त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. एका बाटलीत हळद-तेल घेतलं, नवा साबण, नवा टॉवेल. वणी जवळ आली की रस्त्याच्या कडेच्या झाडांची पानं कोळशाच्या धुळीनं काळी झालेली दिसायला लागतात, आणि पुढे-मागे ट्रकच ट्रक. विचारत विचारत ट्रकच्या गॅरेजमागचं घर सापडलं. पंचफुलाबाई उन्हात खाटेवर बसलेल्या होत्या. ऐंशीच्या घरात आल्या असतील. बोटं सांध्यांत वाकली होती.

त्यांनी लगेच ओळखलं. "पायाळूची माय," लेकीला म्हणाल्या.

काय काय बोलायचं ते मी गाडीत ठरवून ठेवलं होतं. "मी हात धुवायला आली, माय," एवढंच म्हणाले.

त्यांची लेक सुनंदा दारात उभी होती. "बावीस वर्सं बांधून ठेवले, आन् आता सोडाले आल्या?" ती म्हणाली.

"बांधून म्हणजे?"

"तुमाले मालूम नव्हतं? साऱ्या गावाले तं वाटलं, तुमी मुद्दामच केलं." मग तिनं सांगितलं. बाळंतिणीनं हात मोकळे करून दिल्याशिवाय दाईनं दुसऱ्या बाळंतिणीला हात लावायचा नाही, अशी त्या गावची रीत होती. मधेच कुणी अडली तर घाईघाईनं दुसऱ्या दिवशीच हात धुऊन द्यायचे, पण धुवायचेच. मी बाहेरची, मला रिवाजाचं तोंड तेवढं दिसलं होतं. "नाहीतं मले..." च्या पुढे त्या काय सांगणार होत्या, ते मी ऐकूनच घेतलं नव्हतं.

"मी वाट पाह्यली," पंचफुलाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर मला बरं वाटलं असतं. "म्हटलं, बाराव्या दिवसाले बोलावन. मंग म्हटलं, सव्वा महिना झाला की बोलावन. लोकं हाक माराले आले, तं मी म्हनो, माहे हात मोकळे नाही, नर्सबाईकडं न्या."

म्हणजे त्या सासवा माझं भाषण ऐकून आल्या नव्हत्या. शाल, प्रशस्तिपत्र, सुधारलेलं गाव, सगळं या वाकलेल्या बोटांमुळे. मी जे नेहमी करते तेच केलं, उलट विचारलं. "मोडायची होती ना रीत. मी नाही म्हटलं म्हणून तुम्ही कायले बसून राह्यल्या?"

"तुमच्या मनाले नाही पटली, तं माह्या मनातून कशी जाईन?"

मग त्यांनी पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यातला एक दिवस सांगितला. नाल्याला पूर होता, मी तालुक्याला अडकलेली, आणि वस्तीतली एक पोर अडली. पंचफुलाबाई जाऊन तिच्या उशाशी बसल्या. हात मांडीखाली दाबून धरले आणि पोरीच्या सासूला तोंडानं सांगत राहिल्या, असं धर, तसं कर. "झालं बिचारीचं नीट. पन मी हात दाबून बसली होती, नर्सबाई. त्या पोरीनं माह्याकडं असं पाह्यलं." त्यानंतर त्यांना कुणी हाक मारली नाही. पुढे तर उपकेंद्राशी गाडीच यायला लागली, तेव्हा सगळेच दवाखान्यात जाऊ लागले, ते चांगलंच झालं, असंही त्या म्हणाल्या. "पन बोलावनंच नाही, तं मानसानं त्या गावात कायले राहावं? आली मंग इकडं."

सुनंदानं कोमट पाणी आणून ठेवलं. मी तांब्या उचलला. पंचफुलाबाईंनी हात पुढे केले नाहीत.

"पोरीले सांगतलं?"

"नाही," मी म्हणाले.

"मंग ठेवा तांब्या खाली. लपून धुतलेले हात मोकळे नाही होत. चारचौघात असते ते."

दुपारचा एक वाजत होता, म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. मितूनं दोन लेक्चरांच्या मधल्या वेळेत फोन उचलला, पांढऱ्या कोटात, मागे मैत्रिणींची ये-जा. मी तिला कोपऱ्यात जायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. ग्रामसभा सांगितली. करपलेल्या शेंगा सांगितल्या. उंबऱ्यावरची साडी सांगितली. मधे मधे रडू येत होतं तरी थांबले नाही, कारण थांबले असते तर मी पुन्हा काहीतरी गाळलं असतं.

"रजिस्टरमध्ये नाव कुणाचं आहे?" तिनं शेवटी विचारलं.

"नर्स लिहिलंय. म्हणजे माझंच."

मग ती म्हणाली, "फोन असा धरा की मला त्यांचे हात दिसतील." मला उद्देशून नव्हतं ते. माझ्याशी त्या दिवशी ती पुढे एक शब्दही बोलली नाही, आणि तिला बोल लावायला माझ्याकडे जागा नाही.

सुनंदानं फोन धरला. मी पाणी सोडलं, हळद-तेल चोळलं. बोटं सरळ होत नव्हती, म्हणून एकेक बोट वेगळं करून चोळावं लागलं. पुन्हा पाणी सोडलं आणि पदरानं पुसले. टॉवेल पिशवीतच राहिला. गॅरेजमधले दोघे-तिघे आणि शेजारच्या दोन बाया कुंपणाशी येऊन बघत होत्या. "आजी," मितू फोनमधून म्हणाली, "मी ती पायाळू."

"मोठी झाली वं पोरगी," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

मग त्यांनी दोन्ही हात डोळ्यांजवळ नेले. पालथे केले, उताणे केले, मुठी मिटून पाहिल्या. मुठी पुऱ्या मिटत नव्हत्या. "झाले मोकळे," त्या म्हणाल्या. आणि दवाखान्यात म्हातारी माणसं दुखणारा अवयव दाखवतात तसे ते माझ्यापुढे धरून त्यांनी विचारलं, "आता या हातायचं काय करू, नर्सबाई?"

टोमणा नव्हता तो. त्या खरोखर विचारत होत्या. मी त्यांचे ओलसर हात धरून बसून राहिले. सुनंदानं फोन खाली केला नव्हता, मितू बघत होती.